सायकल दुरुस्तीचे वर्ग: फी घ्या, नीट शिकवा, सायकली चालत्या ठेवा

पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. त्या सायकली काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. सायकल मार्गांवर वाद झाले आणि अजूनही होतात: मार्ग किती रुंद हवा, त्यावर गाड्या कोण लावतो, पेव्हर ब्लॉक का उखडले. हे वाद आवश्यकच आहेत. पण या सगळ्या वर्षांत एक साधा प्रश्न क्वचितच कुणी विचारला: सायकल बिघडली तर ती दुरुस्त कोण करणार, आणि त्याला ते काम कोण शिकवणार?

माझे म्हणणे असे आहे. सायकल दुरुस्ती आणि देखभालीचे फी घेऊन चालवलेले छोटे वर्ग हा आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत चालू शकणारा व्यवसाय आहे. तो चौकातल्या सायकलवाल्याच्या हाती राहिला पाहिजे. आणि पालिकांनी व सरकारने त्याचे आश्रयदाते होण्याऐवजी नियमित गिऱ्हाईक व्हावे. मुद्दे पुढीलप्रमाणे.

१. सायकली बंद पडतात त्या छोट्या कारणांनी

कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन पाहा. जिन्याखाली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलींवर धूळ असते. लॉकडाऊनच्या काळात हौसेने घेतलेल्या गिअरच्या सायकली त्यांत बऱ्याच दिसतील. त्यांच्यातल्या बहुतेकींना काय झालेले असते? चाकात हवा नाही. चेन गंजली आहे. ब्रेकची केबल सैल पडली आहे किंवा ब्रेक शू रिमला घासतो आहे. फ्रेम तुटलेली सायकल शोधावी लागते.

म्हणजे सायकल सोडण्याचे कारण अनेकदा पाच-दहा मिनिटांच्या कामाचे असते. ते काम स्वतःला येत नाही, आणि दुकान दोन किलोमीटरवर. हवा नसलेली सायकल ढकलत तिथवर नेणार कोण? मग 'पुढच्या रविवारी बघू' म्हणता म्हणता पावसाळा जातो आणि सायकल भंगारवाल्याकडे. चालू सायकलींची संख्या वाढवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग या पार्किंगमधून जातो, कारण त्या सायकली विकत घेऊन झालेल्या आहेत.

२. सायकल बदलली, शिकण्याची वाट मात्र बुजली

आपल्याकडचा सायकलवाला कुणाच्या तरी हाताखाली शिकला. पोरवयात दुकानात आला, आधी हवा भरली, मग पंक्चर काढले, मग ओव्हरहॉलिंगला बसला. काळ्या दांडीच्या सायकलचे सगळे शास्त्र असेच पुढे गेले: कॉटर पिन ठोकायची कशी, पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला ३/१६ इंची दहा छर्रे आणि मागच्या हबमध्ये पाव इंची नऊ छर्रे का, फ्रीव्हील उघडले की छर्रे सांडू नयेत म्हणून खाली काय धरायचे.

आज शाळकरी पोराला कामाला ठेवणे कायद्याने बंद आहे आणि ते बंदच राहिले पाहिजे. पण त्या जुन्या वाटेच्या जागी दुसरी वाट आपण काढली नाही. दरम्यान सायकल बदलली. डिस्क ब्रेक आले, डेरेलर आले, फ्रीव्हीलच्या जागी कॅसेट आली, पाना-हातोडीच्या जोडीला ॲलन की आल्या, व्हॉल्व्हचे तीन-तीन प्रकार झाले. अनुभवी सायकलवाल्याचे हात तयार आहेत, पण नव्या भागांची ओळख त्याला कुणी करून दिलेली नाही. शोरूममधल्या तरुणाला नवे भाग कळतात, पण छर्रे-कोनचे काम त्याने फारसे केलेले नसते. या दोघांना एका बाकावर आणणारी जागा म्हणजे दुरुस्तीचा वर्ग.

३. फी घ्यावीच

या विषयावर बोलायला लागले की कुणीतरी लगेच म्हणते, 'मग एक मोफत शिबिर घेऊ.' शिबिरांना माझा विरोध नाही. पण शिबिर एकदा होते, फोटो निघतात, आणि पुढच्या महिन्यात गिअर सरकेनासा झाला की विचारायला कुणी नसते. फी घेणारा वर्ग पुढच्या महिन्यातही त्याच जागी असतो, कारण त्यावर कुणाचे तरी घर चालते. फी भरलेला माणूस वेळेवर येतो, प्रश्न विचारतो आणि शिकवणे कच्चे असेल तर तक्रारही करतो. वर्ग सुधारतो तो या तक्रारींमुळे.

शिकवण्याचे पैसे घेण्यात कमीपणा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावच्या सायकलच्या दुकानाने झाली. तिथे सायकली विकल्या जात आणि गिऱ्हाइकांना त्या चालवायलाही शिकवले जाई. चारा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ॲशलंड या छोट्या गावात १९८१ पासून सायकल दुरुस्ती शिकवणारी संस्था फी घेऊन चालते आणि दूरदूरचे लोक तिथे जातात. या कौशल्याला बाजारभाव आहे, आपण तो लावलेला नाही एवढेच.

४. 'गिऱ्हाईक शिकले तर माझ्याकडे येईल कशाला?'

सायकलवाल्यांची ही भीती खरी आहे आणि तिला खरे उत्तर दिले पाहिजे.

पंक्चर आणि हवा या कामांत मिळणारे पैसे थोडे आणि खोळंबा मोठा. हातातले ओव्हरहॉलिंग बाजूला ठेवून उठावे लागते. पंक्चर काढायला शिकलेला माणूस हे छोटे काम घरी करील. पण तो सायकल जास्त चालवील, म्हणून त्याची चेन झिजेल, टायर झिजेल, बॉटम ब्रॅकेट आवाज करू लागेल. हे सगळे तो ओळखीच्या दुकानात आणील, कारण दोष काय आहे ते त्याला कळलेले असेल. बिल पाहून तो घासाघीसही कमी करील. चाकाचा आऊट काढायला किती वेळ आणि किती नजर लागते हे ज्याने एकदा स्वतः करून पाहिले, तो त्या कामाचे पैसे देताना कुरकुरत नाही. बंद सायकलीचा मालक मात्र कुठल्याच सायकलवाल्याचा गिऱ्हाईक नसतो.

५. काय शिकवायचे: तीन पायऱ्या

पहिली पायरी तीन तासांची, रोज सायकल चालवणाऱ्यासाठी. हवा, पंक्चर, ब्रेक, चेनची सफाई आणि निघण्यापूर्वीची तपासणी. ही तपासणी पुढच्या चाकापासून सुरू करून हँडल, तिथून खाली पेडल, वर सीट आणि शेवटी मागचे चाक अशी इंग्रजी एम अक्षराच्या रेषेने करायची, म्हणजे काही सुटत नाही.

दुसरी पायरी दोन रविवारांची, सायकल उघडून बसायची आवड असणाऱ्यासाठी. हबचे ग्रीसिंग, कोन बसवणे, चाकाचा आऊट, केबल बदलणे, गिअर जुळवणे.

तिसरी पायरी दोन-तीन महिन्यांची, ज्याला या कामावर पोट भरायचे आहे त्याच्यासाठी. यात चाक नव्याने विणणे, हायड्रॉलिक ब्रेक, सुट्या भागांची खरेदी, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि बिल लिहिणे हेही आले.

वर्ग चांगला की वाईट हे बारीक गोष्टींत दिसते. पंक्चरचेच बघा. ट्यूब बाहेर काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले, जागा पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावले. इथे शिकाऊ माणूस घाई करतो आणि ओल्या सोल्युशनवरच पॅच चिकटवतो. ते बोटाला चिकटण्याइतके सुकेपर्यंत थांबायचे असते. त्याहून मोठी चूक पुढे होते: पॅच लावलेली ट्यूब तशीच आत जाते आणि बाभळीचा काटा टायरमध्येच राहतो. म्हणून चांगला शिक्षक ट्यूब बसवण्याआधी प्रत्येकाला टायरच्या आतून जपून बोटे फिरवायला लावतो. काटा बोटाला लागला की तो धडा कायमचा.

चाकाचा आऊट काढतानाही तसेच. सायकल उलटी ठेवायची, चाक फिरवायचे आणि ब्रेक शू व रिम यांच्यातल्या फटीकडे बघत राहायचे. रिम एखाद्या जागी डावीकडे येत असेल तर तिथले उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा घट्ट, डाव्या बाजूचे पाव फेरा सैल. पाव फेऱ्याच्या वर जायचे नाही. चेन झिजली का हे ओळखायला पट्टी पुरते: चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक सूत जास्त भरली तर चेन बदलायला आधीच उशीर झाला आहे, आणि बहुधा फ्रीव्हीलचे दातेही तिने खाल्ले असतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे न सांगता पाना हातात दिला तर क्रँकचे आटे जातात आणि भुर्दंड वर्गाला बसतो.

काय शिकवायचे नाही हेही ठरवावे. तीन तासांच्या वर्गात हायड्रॉलिक ब्रेक उघडू नये. कार्बनच्या फ्रेमला हात लावायला सांगू नये. आणि विद्यार्थ्याने काम केलेली प्रत्येक सायकल शिक्षकाने स्वतः तपासून मगच रस्त्यावर सोडावी.

६. हिशोब जमतो का?

माझ्या अंदाजाने मांडतो. आकडे गावागणिक बदलतील, रीत तीच राहील.

दोन रविवारांचा वर्ग, सहा विद्यार्थी, माणशी फी १,२०० रुपये. जमा ७,२००. पॅच, सोल्युशन, ग्रीस, केबल, छर्रे यांचा माणशी खर्च १५० धरला तर ९००. मदतनिसाला दोन अर्ध्या दिवसांचे १,०००. जागेचे भाडे दोन वेळा ५०० म्हणजे १,०००. चहा आणि छपाई ३००. एकूण खर्च ३,२००. हातात राहिले ४,०००. महिन्यात दोन तुकड्या घेतल्या तर ८,०००, तेही आठवड्यातले सहा दिवस दुकान सांभाळून.

आता उलट बाजू. तीनच विद्यार्थी आले तर जमा ३,६०० आणि खर्च २,७५०, म्हणजे हातात जेमतेम ८५०. म्हणून तुकडी भरल्याशिवाय वर्ग सुरू करू नये आणि फी आगाऊ घ्यावी. सहाच्या पुढेही जाऊ नये, कारण एका शिक्षकाला एका वेळी सहा जोड्या हातांवरच नीट लक्ष ठेवता येते. सुरुवातीला दोन स्टँड आणि हत्यारांचे जादा संच यांना १८,००० रुपये लागले असे धरले तर पाचव्या तुकडीत ते सुटतात. स्टँड महागडा घ्यायची गरज नाही, ओळखीचा वेल्डर लोखंडी पाइपचा करून देतो.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या अशा सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पावती मात्र प्रत्येकाला द्यावी. पावतीमुळे व्यवसायाचा पुरावा तयार होतो आणि उद्या बँकेत कर्ज मागताना तो कामी येतो.

७. आधी कुणाला शिकवायचे

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकल मिळते. त्यासाठीचे अनुदान २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. योजना चांगलीच आहे. अनेक मुलींची शाळा या सायकलीमुळे टिकते. पण सायकलीबरोबर तिची देखभाल कुणी शिकवत नाही. खेड्यातल्या रस्त्यावर काट्यांची कमतरता नाही आणि सायकलचे दुकान असते ते तालुक्याला. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी पंक्चर झाले तर ती मुलगी काय करणार?

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक सायकलीमागे पहिल्या पायरीच्या वर्गाची एक जागा सरकारने विकत घ्यावी आणि ती तालुक्यातल्याच सायकलवाल्याकडून घ्यावी. मुलींना पंप, दोन टायर लिव्हर आणि पॅचची डबी मिळावी. यातल्याच काही मुली पुढे तिसऱ्या पायरीपर्यंत जातील. आज सायकलच्या दुकानात पाना धरलेली बाई क्वचितच दिसते. मुली आणि महिलांच्या तुकड्या महिलेनेच घेतल्या तर शिकणाऱ्याही वाढतील आणि एक नवा रोजगारही उभा राहील.

शहरात हीच गोष्ट सायकलवरून घरपोच सामान देणाऱ्या तरुणांची, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांची, पहाटे कामावर निघणाऱ्या सुरक्षारक्षकांची. त्यांची सायकल एक दिवस बंद म्हणजे कमाईला खाडा किंवा रिक्षाचा भुर्दंड. त्यांना १,२०० रुपये परवडणार नाहीत. त्यांच्या जागा पालिकेने किंवा ते ज्यांच्यासाठी राबतात त्या कंपन्यांनी विकत घ्याव्यात.

८. आधी पैसे वाटून मग कारागीर शोधू नका

२०२० मध्ये महासाथीच्या काळात ब्रिटनने लोकांना सायकल दुरुस्तीसाठी ५० पौंडांची व्हाउचर द्यायचे ठरवले. जुलैच्या अखेरीस पहिली व्हाउचर खुली झाली आणि अर्जांच्या गर्दीने संकेतस्थळच कोलमडले. ज्यांना व्हाउचर मिळाली त्यांतल्या अनेकांना दुकानात तारीख मिळेना, कारण दुकाने आधीच कामात बुडालेली होती. फ्रान्सनेही त्याच वर्षी दुरुस्तीसाठी ५० युरोंपर्यंत मदत दिली आणि त्यातून दहा लाखांहून अधिक सायकली दुरुस्त झाल्या.

दोन्हीकडून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. लोकांना सायकल दुरुस्त करून हवी असते. थोडा हातभार लागला की घराघरांतून जुन्या सायकली बाहेर येतात, आणि तेव्हा अडते ते कारागिरांच्या संख्येवर. कारागीर अनुदानाच्या घोषणेने एका रात्रीत तयार होत नाही. त्याला दोन-तीन महिने शिकावे लागते आणि हात बसायला वर्ष लागते. आपल्याला उद्या सायकली वाढवायच्या असतील तर वर्ग आज सुरू व्हायला हवेत.

९. सरकार आणि पालिकांकडे पाच मागण्या

पहिली मागणी केंद्राकडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार, कुलूप बनवणारे वगैरे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते. या यादीत सायकल कारागीर नाही. तो तिथे असायला हवा. हाताने आणि साध्या हत्याराने काम करणाऱ्या, वडीलधाऱ्यांकडून शिकलेल्या कारागिराचे सगळे वर्णन त्याला लागू पडते.

दुसरी मागणी पालिकांकडे. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही पथविक्रेता ठरतो. म्हणजे झाडाखाली पेटी आणि पंप घेऊन बसणारा सायकलवाला सर्वेक्षणात यायला हवा आणि त्याला प्रमाणपत्र मिळायला हवे. अतिक्रमणविरोधी गाडीने त्याची पेटी उचलून न्यायची आणि दुसरीकडे सायकल दिनाला फेरी काढायची, हे चालणार नाही.

तिसरी मागणी जागेची. पालिकेच्या शाळांची आवारे रविवारी रिकामी असतात. नाममात्र भाड्याने ती वर्गाला द्यावीत. वर्गानंतर जागा झाडून देण्याची आणि ग्रीस-तेलाचे डाग न पडू देण्याची अट जरूर घालावी.

चौथी मागणी प्रमाणपत्राची. कौशल्य विकास योजनांमध्ये आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. सायकलवाल्याला ती त्याच्या दुकानात आणि मराठीत मिळाली पाहिजे. परीक्षा हाताच्या कामाची घ्या: आऊट झालेले चाक द्या आणि सरळ करून घ्या. बहुपर्यायी प्रश्नांनी कारागीर ओळखता येत नाही.

पाचवी मागणी अशी की पैसे शिकवण्यावर खर्च व्हावेत आणि ते स्थानिक माणसाला मिळावेत. मोठ्या निविदा काढून एका बाहेरच्या संस्थेला साऱ्या जिल्ह्याचे काम देऊ नये. शंभर जागांचा एक ठेका देण्यापेक्षा वीस सायकलवाल्यांकडून पाच-पाच जागा घ्या. देखरेखीला जास्त कष्ट पडतील, पण ठेका संपल्यावरही ती वीस दुकाने चालू असतील आणि विद्यार्थ्याला आपला शिक्षक भेटत राहील.

१०. 'पण आता सायकल चालवतो कोण?'

हा आक्षेप दुचाकीवरून आणि मोटारीतून पाहणाऱ्यांचा असतो. पहाटे पाचला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहा, बांधकामाच्या जागेवर कामगार येतात ती वेळ पाहा, तालुक्याच्या शाळा सुटतात तो अर्धा तास पाहा. सायकल तिथे रोजच्या जगण्याचा भाग आहे. तिच्यावर बसणाऱ्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोचत नाही म्हणून ती नाहीच असे समजणे अन्याय्य आहे. आणि ज्यांनी हौसेने सायकल घेतली आणि ठेवून दिली, त्यांनाही ती परत चालवायची असते. अडथळा किती छोटा आहे हे पहिल्या मुद्द्यात सांगितलेच आहे.

सरकारची वाट पाहत बसायची मात्र गरज नाही. आपल्या भागातल्या सायकलवाल्याकडे जा. त्याला म्हणा, 'आम्ही सहा जण आहोत, रविवारी तीन तास शिकवाल का, फी काय घ्याल?' तो संकोचून 'काही नको' म्हणाला तरी फी ठरवा आणि आगाऊ द्या. त्याला नव्या भागांची माहिती नसेल तर ती असलेला एखादा तरुण मेकॅनिक जोडून द्या आणि फीमध्ये त्याचाही वाटा ठेवा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामे सुचवता येतात. यंदा त्या अर्जात शाळेच्या आवारात एक छोटी शेड, दोन स्टँड आणि एक पक्का पंप मागा. एका तुकडीने सुरुवात होते, आणि त्या तुकडीला लागणारी सहा माणसे आपल्याच इमारतीत आहेत.